एका दमात

सारंग बेंद्रेला खोटं बोलायचा सराव नव्हता. नवशिक्यासारखा तो एक खोटं बोलून गप्प बसत नसे, पुराव्यादाखल वर आणखी एक वाक्य चिकटवायचा. बहिणीशी फोनवर बोलताना त्यानं चिकटवलेलं वाक्य जेमतेम चार शब्दांचं होतं. त्या चार शब्दांनी त्याच्या खोट्यावर शिक्का बसला, आणि हे त्याला कळायला सात महिने लागले.

ते वाक्य सांगण्याआधी त्याचं काम काय होतं ते सांगायला हवं. सारंग व्हिडिओ गेमबद्दल लिहायचा. मोठमोठ्या कंपन्यांच्या नव्हे, तर एकट्यादुकट्यानं घरी बसून बनवलेल्या, कुणाच्या नजरेस न पडलेल्या गेमबद्दल. दर शुक्रवारी त्यातले तीन निवडून तो आपल्या तीस-एक हजार वाचकांना पत्र पाठवी. पत्राचं नाव 'माळ्यावरून'. चांगलीचुंगली वस्तू माळ्यावर जाऊन पडते आणि पुढे घरात कुणाला ती आठवतही नाही, तशी या खेळांची गत, म्हणून ते नाव. पत्ता पुसलेल्या टपालाचा मालक शोधायचा गेम त्यानंच वर काढला. नुसत्या आवाजावरून विहिरीची खोली ओळखायचा, बीडच्या एका शिक्षिकेनं केलेला गेम त्याच्यामुळे घराघरांत गेला. पत्राच्या तळाशी दर वेळी एक ओळ असे: 'हातानं खेळल्याशिवाय लिहीत नाही.'

ही ओळ त्यानं प्रथम लिहिली तेव्हा खरी होती.

मग भिडू आला. तुम्ही गेम खेळता तेव्हा बोट किती जोरात दाबता, नजर आधी कुठे जाते, धोका पत्करण्याआधी किती क्षण घुटमळता, हे सगळं यंत्र वर्षानुवर्षं टिपत होतंच. या टिपणांवरून त्यानं प्रत्येक माणसाचा एक बदली खेळाडू तयार केला. तोच हा भिडू. तुमच्यासारखाच चुकणारा, तुमच्यासारखाच चिडणारा. फरक एवढाच, की तो दूर कुठल्या तरी संगणकांच्या कोठारात खेळायचा आणि तिथे वेळ हजार पटींनी पळवता यायचा. चाळीस तासांचा गेम तो अडीच मिनिटांत उरकी आणि कौल देई: तुम्हाला हा शंभरातून इतका आवडेल. कौल बहुधा खरा निघे. हळूहळू चाळीसच्या खाली कौल आलेल्या गेमकडे कुणी ढुंकूनही बघेना, आणि गेम बनवणारेही माणसांऐवजी भिडूंची मर्जी राखायला लागले.

भिडू घडवताना इंजिनिअरांनी टिपणं साफ करून घेतली होती. खेळता खेळता माणूस उठतो, दार उघडतो, दूध उतू जात असेल तर धावतो, नाहीतर नुसताच पडद्याकडे बघत बसतो. या थांबण्यातून भिडू काही शिकला असता तर तोही बसून राहिला असता. म्हणून गव्हातले खडे वेचावेत तसे ते सगळे रिकामे तुकडे वेचून त्यांनी फेकून दिले. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

सारंगनं आपल्या पत्रातून भिडूवर भरपूर टीका केली. पण त्याच्याकडे आठवड्याला तीन-साडेतीनशे गेम येत, वय पन्नाशीकडे झुकलेलं, आणि अंगठे दुखायचे. आधी त्यानं भिडूला फक्त चाळणीसारखं वापरलं, अगदीच टाकाऊ गेम बाजूला काढण्यापुरतं. मग चाळणीत उरलेलेही भिडूच खेळू लागला. भिडूचा अहवाल तंतोतंत सारंगच्या मनासारखा असे, चार शब्द इकडचे तिकडे केले की शुक्रवारचं पत्र तयार. दोन वर्षांत एकाही वाचकाला संशय आला नाही. तळाची ओळ त्यानं काढली नाही. काढली असती तर लोकांनी कारण विचारलं असतं.

आणि अशातच जूनमध्ये केतकीचा गेम आला.

केतकी त्याची धाकटी बहीण, तीन वर्षांनी लहान. सांगलीला एकटी राहायची, शाळांसाठी गणिताचे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहायची. तिला लहानपणापासून दमा. पुढे फुप्फुसंच राठ होत गेली आणि गेल्या वर्षापासून नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. फोनवर बोलताना ती वाक्याच्या मध्येच थांबे. ती दम घ्यायला थांबली की सारंग तेवढ्यात एखादी मेल वाचून घेई. तो काही दुष्ट नव्हता. त्याला फक्त मोकळा वेळ वाया घालवायची सवय राहिली नव्हती.

गेमसोबत तिनं लिहिलं होतं, 'दादा, दीड वर्ष खपून हा केलाय. नाव "डबा". इतरांचे बघतोस तसाच बघ, ओळख धरू नकोस. फक्त स्वतः खेळ.'

रविवारी निवांत खेळू, असं त्यानं खरोखरच मनात धरलं होतं. तो रविवार कुणाच्या तरी मुंजीत गेला. पुढच्या रविवारी अंगठा सुजला. सोमवारी सकाळी तिचा फोन येणार हे ठाऊक असल्यामुळे त्यानं अकराच्या सुमारास 'डबा' भिडूकडे टाकला आणि चहा ठेवला. आधण येण्याआधी कौल आला. शंभरात अकरा.

'मुलगी धावते ते छान आहे,' भिडूनं सारंगच्याच भाषेत कळवलं होतं. 'गल्ली, पाण्याची टाकी, सगळं ओळखीचं. पण सात सवंगडी लपतात आणि शेवटपर्यंत एकही सापडत नाही. डबा तसाच पडून राहतो. काहीतरी सांगायचं राहून गेलंय.'

बाराला फोन आला.

"खेळलास?" केतकीनं विचारलं.

"खेळलो की. टाकी बघून हसूच आलं मला. आपल्या वसाहतीतलीच ना?"

"हो." ती थांबली. मग म्हणाली, "मग? कसा वाटला?"

"केते, तोंडावर गोड बोलत नाही. धावणं छान जमलंय. पण गोष्ट कुठे आहे? सगळे लपलेलेच राहतात. 'माळ्यावरून'मध्ये नाही गं घेता येणार."

पलीकडे ऑक्सिजनच्या मशीनची घरघर ऐकू येत होती.

"कुठे कुठे थांबलास?" तिनं विचारलं.

त्याला वाटलं, गेम कंटाळवाणा वाटला का, असं ती आडून विचारतेय. तिला तेवढंच बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "थांबतोय कसला? एका दमात संपवला गं."

ती इतका वेळ गप्प राहिली की त्याच्या दोन मेल वाचून झाल्या.

"बरं," केतकी म्हणाली. "जेवलास का?"

त्यानंतर तिनं गेमचा विषय कधी काढला नाही. दिवाळीत तो दोन दिवस सांगलीला जाऊन आला, तेव्हाही नाही. जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, तिच्या छातीत कफ साठला आणि चार दिवसांत ती गेली. सारंगची गाडी पुण्याहून सांगलीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तो तिच्या पलंगाशी उभा राहिला, आणि बंद पडलेल्या मशीनकडे बघत त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की घर किती शांत झालंय. त्या विचाराची त्याला लाज वाटली आणि मग रडू आलं.

पंधराव्या दिवशी, दिवसकार्य उरकल्यावर, तो घर आवरायला थांबला होता. दुपारी तीनच्या सुमारास दाराची बेल वाजली. दारात सत्तरीतले एक गृहस्थ उभे होते, खांद्याला लहानशी ऑक्सिजनची नळकांडी, डोक्यावर टोपी. दोन जिने चढून आल्यानं त्यांना बोलता येईना. हातानंच 'थांबा' अशी खूण करून त्यांनी भिंतीला टेकून दम घेतला.

"मी आवटी," शेवटी ते म्हणाले. "साखर कारखान्यात बॉयलरवर होतो. बाईंच्या वर्गातला. दवाखान्यात श्वासाचे व्यायाम घेतात न्हवं, मंगळवार-गुरुवार, तिथला. तुम्ही भाऊ काय त्यांचे?"

"हो. या ना, बसा."

आवटी खुर्चीत टेकले. पाणी प्यायले. भिंतीवरच्या केतकीच्या फोटोकडे त्यांनी हात जोडले. मग एखाद्याला कसं काय म्हणून विचारावं तसं सहज त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठं कुठं थांबलासा?"

सारंगला आधी कळलंच नाही.

"डब्यात हो," आवटी म्हणाले. "बाईंच्या गेमात. आमच्या वर्गात भेटलं की हेच विचारत्यात एकमेकाला. माझं थांबणं एकवीस तासाचं झालंय. त्या पलूसच्या मावशी हाईत, त्यांचं लई पुढं गेलंय."

"थांबणं म्हणजे?"

आवटींनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुम्ही खेळला न्हाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. बॉयलरचा काटा वाचून दाब सांगावा तसं त्यांनी सांगितलं.



"आमच्यासारख्याला धावायचा गेम काय कामाचा, असं मी बाईंना तोंडावर म्हणलो होतो," आवटी सांगू लागले. "त्या म्हणल्या, काका, धावू नका, दम लागला की थांबा. तिथं कोपऱ्यात मुठीचं चित्र हाय. मूठ दाबली की टाइमप्लीज. मग बघा म्हणल्या. मी दाबली. ती पोरगी खाली बसली. मी आपला चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतोय तर लपलेली दोन पोरं भायेर येऊन तिच्याशेजारी बसल्याली, गप्पा मारायलीत. टाइमप्लीज असताना कोण बाद होत न्हाई न्हवं? म्हणून येतात ती. जेवढं थांबावं तेवढी येतात. एक चिंचा घेऊन येतंय, एक तिच्या आईची गोष्ट सांगतंय. सगळा गेम थांबण्यात हाय, धावण्यात काय न्हाई. आणि तासभर हालला न्हाईसा, तर सगळ्यात शेवटी तिचा मोठा भाऊ येतो."

एवढं बोलून त्यांना पुन्हा धाप लागली. ती उतरेपर्यंत सारंग त्यांच्यासमोर बसून राहिला. मेल वाचायचं त्याच्या मनातही आलं नाही.

आवटी गेल्यावर त्यानं आपला टॅब्लेट काढला. 'डबा' त्यात जूनपासून पडून होता.

हातानं खेळायची सवय इतकी मोडली होती की पहिल्या वळणावरच मुलगी दोनदा पडली. पण गल्ली त्याला पाठ होती. सरकारी वसाहतीतली चौथी आणि पाचवी चाळ, मधला नळ, नळाला बांधलेलं फडकं. वसाहतीत रोज संध्याकाळी डबा ऐसपैस चाले. केतकी त्यात कायमची लिंबूटिंबू. म्हणजे खेळात असायची, पण तिच्यावर राज्य यायचं नाही आणि ती बाद व्हायची नाही. सहा वर्षांची असताना एकदा तिनं हट्ट धरला, आज राज्य मीच घेणार. रंगाचा रिकामा डबा कुणीतरी लांब भिरकावला. तो आणायला ती टाकीपर्यंत धावली आणि परत येता येता तिची छाती भरून आली. मूठ ओठांना लावून ती कशीबशी म्हणाली, "टाइमप्लीज."

वसाहतीचा कायदा कडक होता. टाइमप्लीज ज्यानं घेतला, त्यानंच तो सोडायचा, दुसऱ्या कुणी खेळ सुरू करायचा नाही. पण पोरं कंटाळली आणि लपल्या जागेवरून परस्पर घरी पळाली. एकटा सारंग बाहेर आला. लपायची जागा उघडी पडेल हे माहीत असून आला. डब्यावर पाय ठेवून तो तिच्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "तू दम घे. मी थांबलोय." आई जेवायला हाक मारेपर्यंत तो तसाच उभा होता. चाळीस वर्षांत ही गोष्ट त्याला एकदाही आठवली नव्हती.

पडद्यावर मुलगी टाकीपाशी पोचली होती. सारंगला नीट दिसेना. डोळे पुसावेत म्हणून त्यानं कोपऱ्यातली मूठ दाबली.

मुलगी अजून पुरती खाली बसलीही नव्हती, तोच टाकीमागून एक मुलगा बाहेर आला. निळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, वरचं बटण तुटलेलं. त्यानं डब्यावर पाय ठेवला आणि तिच्याकडे बघून म्हटलं, "तू दम घे. मी थांबलोय."

सारंगनं घड्याळ पाहिलं. तास नव्हे, दोन सेकंदही झाले नव्हते. आवटी तर म्हणाले होते तासभर. त्याला वाटलं, गेममध्ये काहीतरी गडबड असणार.

गडबड नव्हती. केतकीच्या टेबलावर तिची फुलस्केप वही होती. गेम कोण कधी खेळलं आणि किती थांबलं हे तिच्या संगणकावर येई, आणि ती ते हातानं वहीत उतरवून घेई. आवटी, पलूसच्या मावशी, वर्गातली आणखी नऊ नावं. त्यांच्यापुढे तास आणि मिनिटं. जूनच्या पानावर एक ओळ होती:

'दादा. सुरू ११.०४, संपला ११.०५. थांबला: ०.'

म्हणजे बाराला फोन केला तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. कुठे कुठे थांबलास, हा प्रश्न तिनं गेमबद्दल विचारलाच नव्हता. खरं बोलायची एक संधी तिनं त्याला दिली होती. आणि त्यानं दम्यानं आयुष्य काढलेल्या आपल्या बहिणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, एका दमात.

त्या ओळीखाली तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'विचारलं. म्हणाला, एका दमात.' आणि दुसऱ्या दिवसाच्या तारखेला: 'दादाच्या प्रतीत इथूनच बदल केला. तासाची अट काढली. मूठ दाबताक्षणी भाऊ येईल. त्याला वेळ नसतो. दादाला लिंबूटिंबू धरायचं.'

सारंग ती वही मांडीवर घेऊन बसला. रागावून तिनं त्याचं नाव खोडलं असतं तर त्याला सोसलं असतं. तिनं त्याला सवलत दिली होती. क्षणभर जरी तो थांबला असता तरी भागणार होतं, आणि सात महिन्यांत तिला तेवढाही क्षण त्याच्याकडून मिळाला नाही. तो लहान मुलासारखा मोठ्यानं रडला. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

त्या शुक्रवारी 'माळ्यावरून'मध्ये तीनऐवजी एकच शिफारस होती.

'या गेमचं नाव "डबा",' त्यानं लिहिलं. 'माझ्या बहिणीनं केलाय. जूनमध्ये तिनं तो मला पाठवला. मी भिडूला खेळवला आणि स्वतः खेळलो असं तिला सांगितलं. गेली दोन वर्षं तुमच्याशीही असाच खोटं बोलत आलो. खालची ओळ आज काढून टाकली आहे. भिडू हा गेम खेळू शकत नाही, कारण त्याला थांबणं ठाऊक नाही. तो आपल्याकडूनच शिकला, पण आपलं थांबणं कचरा म्हणून फेकून दिलं गेलं. म्हणून विनवणी करतो, भिडूला पाठवू नका. स्वतः खेळा. आणि दम लागला की थांबा.'

अर्ध्याहून अधिक वाचकांनी आठवड्याभरात पत्र बंद केलं. बऱ्याच जणांनी त्याला फसव्या म्हटलं. ते खरंच होतं, म्हणून त्यानं उत्तरं दिली नाहीत. केतकीचा संगणक त्यानं पुण्याला आणला होता. त्यावर नव्या नावांची रीघ लागली. चार हजारांवर लोकांनी 'डबा' घेतला, आणि त्यातल्या बहुतेकांपुढे तेच: दीड मिनिट, थांबले ०. विनवणी वाचूनही त्यांनी भिडूच पाठवला होता. सारंगला त्यांचा राग आला नाही. रोज सकाळी तो ती यादी वरपासून खालपर्यंत वाचे आणि शून्य नसलेली नावं वहीत उतरवून घेई. नंदुरबारचे कुणी चाळीस मिनिटं थांबले. परभणीच्या एक बाई सव्वातीन तास. पहिल्या महिन्यात अशी त्रेसष्ट नावं झाली.

त्याचा स्वतःचा टॅब्लेट खिडकीपाशी चार्जरला लावलेला असतो. पडद्यावर मुलगी मूठ ओठांना लावून टाकीखाली बसली आहे आणि निळ्या शर्टातला मुलगा डब्यावर पाय ठेवून उभा आहे. पुढे खेळायचं तर मूठ पुन्हा एकदा दाबायची. सारंगनं ती दाबलेली नाही. मूठ त्यानं दाबली असली तरी टाइमप्लीज केतकीचा होता, तेव्हा तो सोडणं त्याच्या हातात नव्हतं.

आवटी दर गुरुवारी वर्ग सुटल्यावर फोन करतात. आधी दोघंही थोडा वेळ काही बोलत नाहीत, कारण आवटींना जिना उतरून धाप लागलेली असते. सारंग फोन कानाशी धरून त्यांचा श्वास ऐकत राहतो.

"मग," आवटी शेवटी विचारतात, "कुठं थांबलासा?"

"डब्यापाशी," सारंग म्हणतो. "अजून तिथंच आहे."